ताकद एकटीची नसते

पडद्यावरच्या वाघिणी, मैदानावरच्या मुली आणि आपले घर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मोकळ्या तासाला नववीच्या वर्गात शिरले, तर मागच्या बाकांपाशी मुलींचा घोळका. मधोमध एक मुलगी उभी राहून कुठल्याशा सिनेमातली मारामारी करून दाखवत होती. मला पाहताच सगळ्या आपापल्या जागेवर पळाल्या.

"काय चाललंय?"

"टीचर, ती हिरोइन एकटीच दहा गुंडांना लोळवते!"

"आणि तू किती लोळवशील?" मी सहज विचारले. वर्ग हसला, ती हसली नाही. म्हणाली, "काल तालुक्याच्या मॅचला एका चढाईत तीन बाद केले, टीचर. पण अब्बू जिल्ह्याला पाठवत नाहीत."

आमच्या शाळेचा मुलींचा कबड्डी संघ तालुक्यात पहिला आला होता. जिल्हा स्पर्धेसाठी पालकांचे संमतीपत्र हवे होते. अकरा मुलींची पत्रे सह्या होऊन आली होती. हिचे कोरे परत आले होते, आणि चढाईला हिच्यासारखी दुसरी कोणी नव्हती.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. वडील रिक्षा चालवतात. नुकतेच घरी येऊन चहा घेत होते. दादी पलंगावर तसबीह घेऊन बसल्या होत्या. आमचे बोलणे नेहमीसारखे अर्धे उर्दूत, अर्धे मराठीत चालले. मी तयारी करून गेले होते. आधी हमीदा बानू पहिलवानची गोष्ट सांगितली, मग बॉक्सर निखत झरीनची. आपल्याच समाजातल्या मुली कुठवर पोहोचल्या आहेत, वगैरे वगैरे. बोलून झाल्यावर मला वाटले, आता सही होणार.

दादींनी तसबीह थांबवून विचारले, "त्या हमीदाच्या घरी कोण होतं?"

वडील म्हणाले, "मॅडम, निखतचे अब्बू तिच्याबरोबर ग्राउंडवर जायचे, असं तुम्हीच सांगितलं. मी दोन दिवस रिक्षा बंद ठेवून कसा जाऊ?"

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नव्हती. कोरे पत्र घेऊनच परतले. पण प्रश्न डोक्यातून जाईनात. आज हा लेख लिहिते आहे तो त्या दोन प्रश्नांमुळे.

हमीदाच्या घरी कोण होते?

हमीदा बानू मूळच्या उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या. कुस्तीसाठी त्या अलीगढला सलाम पहिलवान यांच्याकडे आल्या. बायकांना आखाड्याच्या मातीला पाय लावू न देण्याचा तो काळ. त्यांच्याशी लढायला बायका मिळत नसत, म्हणून त्या पुरुषांशी लढत. १९५४ साली त्यांनी जाहीर आव्हान दिले की जो मला हरवेल त्याच्याशी मी निकाह करीन. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्यात बाबा पहिलवान यांना त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलिन या महिला मल्लाला तर मिनिटभरही टिकू दिले नाही. कुर्रतुलऐन हैदर यांच्या 'डालनवाला' या कथेतही मुंबईतल्या कुस्तीच्या निमित्ताने हमीदा बानूंचा उल्लेख येतो. एवढे ते नाव त्या वेळी घरोघरी पोहोचले होते.

वर्तमानपत्रे त्यांच्या खुराकाच्या याद्या छापत. दिवसाला साडेपाच लिटरच्या वर दूध, सूप, फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, बदाम, सहा अंडी आणि बिर्याणीच्या दोन थाळ्या. वजन १०८ किलो, उंची सव्वापाच फूट. यात जाहिरातीचा मसाला किती आणि खरे किती, ते सोडून देऊ. ताकद ताटातून येते, एवढे मात्र त्या यादीवरून कळते.

आपल्या महाराष्ट्राने त्यांना कसे वागवले, तेही सांगितले पाहिजे. पुण्यात एका पहिलवानाबरोबर ठरलेली त्यांची कुस्ती कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात, म्हणजे कुस्तीच्या पंढरीत, त्यांनी एका पुरुष मल्लाला हरवले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. बाईकडून हरलेला तो मल्ल नक्कीच विकला गेला असणार, अशी लोकांची खात्री होती. हमीदा बानूंनी तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आले की बाई आहे म्हणून कुस्त्या रोखलेल्या नाहीत, आयोजक समोर डमी पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत. काही कुस्त्या नुरा असतीलही, त्या काळी पुरुषांच्याही असत. पण पुरुष जिंकला की ताकद आणि बाई जिंकली की बनवाबनवी, हा हिशोब तेव्हाही होता आणि आज आपल्या गल्लीतही आहे.

यापुढची गोष्ट मी दादींना सांगितलीच नव्हती. हमीदा बानूंनी युरोपात जाऊन लढण्याचे जाहीर केले आणि त्यानंतर त्या कुस्तीच्या बातम्यांतून दिसेनाशा झाल्या. त्यांच्या नातवाने पुढे वार्ताहरांना सांगितले की सलाम पहिलवान यांना हे जाणे मान्य नव्हते. त्यांनी इतकी मारहाण केली की हमीदांचा हात मोडला. दोघांचे नाते नेमके काय होते, यावर घरच्यांचेही एकमत नाही. एवढे नक्की की त्यांचे पुढचे आयुष्य मुंबईजवळच्या कल्याणमध्ये गेले. तिथे त्यांनी दूध विकले, खोल्या भाड्याने दिल्या, आणि हात आखडला तेव्हा रस्त्यावर खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ साली त्या वारल्या. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा कुठे आपल्यातल्या पुष्कळांना हे नाव प्रथमच कळले.

दादींचा प्रश्न किती खोल होता, हे मला घरी आल्यावर उमगले. १०८ किलोची बाई आखाड्यात कोणाला ऐकत नव्हती, पण आखाड्याबाहेर तिच्या बाजूने उभे राहणारे कोणी नव्हते. तिच्या कुस्तीची कमाई खाणारे पुष्कळ होते. तिचे मोडलेले हाड सांधणारे कोण होते?

पडद्यावरची वाघीण

आता त्या सिनेमाकडे वळू, ज्याची नक्कल माझ्या वर्गात चालली होती. मारामारी करणारी नायिका आजची नाही. मुंबईच्या वाडिया मुव्हीटोनने १९३५ साली 'हंटरवाली' काढला आणि नादिया हे नाव गाजले. ही मूळची मेरी इव्हान्स. जन्म १९०८ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातला. वडील ब्रिटिश फौजेत होते, त्यामुळे ती लहानपणीच हिंदुस्थानात आली. तिने सर्कशीत काम केले आणि मग ती सिनेमात शिरली. घोड्यावरून दौड, चाबूक, तलवार, आणि १९३६ च्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये आगगाडीच्या टपावरची मारामारी, सारे ती स्वतः करत असे. आपल्या आजोबांच्या पिढीने तिच्यासाठी शिट्ट्या वाजवल्या. पण घरी येऊन त्यांनी आपल्या मुलीला मैदानात पाठवले असे काही नाही. पडद्यावरची वाघीण पडद्यावरच शोभून दिसे.

सिनेमात नायिका पडते, उठते आणि दहा जणांना लोळवते. हे सारे दोन मिनिटांत उरकते. नादियामागे सर्कशीतली वर्षे होती, होमी वाडियांसारखा दिग्दर्शक होता, खाली झेलणारे स्टंटवाले होते. ते कोणी तिकीट काढणाऱ्याला दिसत नाही. २०१६ च्या 'दंगल'साठी झायरा वसीम, फातिमा सना शेख आणि सान्या मल्होत्रा या मुलींनी चित्रीकरणाआधी कित्येक महिने खऱ्या उस्तादाकडे कुस्तीचे धडे घेतले. म्हणजे खोटी कुस्ती दाखवायलाही खरा घाम लागला. आमच्या मुली मोबाइलवर शेवटची लाथ तेवढी बघतात.

त्याच २०१६ च्या ईदला 'सुलतान' आला. आपल्यातल्या बऱ्याच घरांनी तो पाहिला असेल. त्यातली आरफा ही हरियाणाची मुस्लिम कुस्तीगीर, ऑलिंपिक सुवर्णाचे स्वप्न पाहणारी. ऐन वेळी तिला दिवस जातात आणि ती आखाडा सोडते. तिथून पुढची कथा नवऱ्याची होते. सिनेमागृहात टाळ्या पडल्या, कोणाला काही खटकले नाही. बाळ झाले की बाईचे खेळणे संपले, हे आपण इतके गृहीत धरतो.

खऱ्या आयुष्यातली आपली मुलगी मात्र वेगळी निघाली. सानिया मिर्झाचा जन्म मुंबईचा, १९८६ चा, ती वाढली हैदराबादेत. वडील इम्रान मिर्झा तिचे पहिले शिक्षक. दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून तिने सहा ग्रँड स्लॅम जिंकल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला मुलगा झाला. वजन वाढले होते, ते तिने महिनोन्‌महिने व्यायाम करून उतरवले. जानेवारी २०२० मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या स्पर्धेत परतली आणि परतीच्या पहिल्याच स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद घेऊन आली. बाळाला सांभाळणारे घर पाठीशी होते, म्हणून हे जमले. आरफाच्या कथेत असे घर लेखकाला सुचलेच नाही.

निखतचे अब्बू

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. निखत झरीन तेलंगणातल्या निजामाबादची, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारची. जन्म १९९६ चा, चार बहिणींतली तिसरी. वडील मोहम्मद जमील अहमद तरुणपणी स्वतः खेळाडू. पुढे सौदीत नोकरी करून परतले. मुलगी चपळ आहे हे पाहून त्यांनी तिला धावण्यासाठी मैदानावर नेले. तिथे बॉक्सिंग सोडून बाकी सगळ्या खेळांत मुली दिसत. बॉक्सिंग फक्त मुलांसाठी असते का, असे तिने विचारले. मुलींत तेवढी ताकद नाही असे लोकांना वाटते, हे वडिलांचे उत्तर तिला झोंबले आणि तिने हातमोजे चढवले.

सरावाला मुली नव्हत्या, मुलेच होती. सुरुवातीलाच ती सुजलेला चेहरा घेऊन घरी आली, तेव्हा आई रडली. हिच्याशी लग्न कोण करणार, ही तिची काळजी. आपल्यातली कुठलीही आई हेच म्हणाली असती. नातेवाईक हाफ पँटवरून बोलत. वडील ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला मैदानावर नेत. २०११ मध्ये तुर्कस्तानात ती ज्युनियर गटाची जागतिक विजेती झाली, तेव्हा बोलणाऱ्यांचा आवाज थोडा कमी झाला.

सिनेमा असता तर इथे संपला असता. खरी गोष्ट पुढे अकरा वर्षे चालली. २०१७ मध्ये खांद्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली आणि वर्ष वाया गेले. २०१९ मध्ये ऑलिंपिक पात्रतेसाठी मेरी कोमशी चाचणी लढत व्हावी म्हणून तिने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिले. त्यावरून तिला पुष्कळ टोमणे ऐकावे लागले. लढत झाली, निखत हरली, टोकियो हुकले. मग १९ मे २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये थायलंडच्या जुतामस जितपाँगला ५-० असे हरवून ती ५२ किलो गटात जगज्जेती झाली. पुढच्या वर्षी दिल्लीत ५० किलो गटात पुन्हा तेच. मधल्या काळात बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये? चीनच्या वू यूकडून दुसऱ्याच लढतीत हार. तीच वू यू पुढे सुवर्ण घेऊन गेली. निखत रडली, घरी आली, पुन्हा सरावाला लागली. त्याच वर्षी तेलंगणा पोलिसांत तिची उपअधीक्षक म्हणून नेमणूक झाली.

यात किती विजय आणि किती पराभव, मोजून पाहा. सिनेमातली नायिका हरत नाही म्हणून तिला घराची गरज पडत नाही. मैदानावरची मुलगी वारंवार हरते. हरून आल्यावर "सांगितलं होतं ना" म्हणणारे घर असेल तर ती दुसऱ्या दिवशी उठत नाही. "उद्या किती वाजता जायचंय?" असे विचारणारे घर असेल तर उठते. निखतच्या अब्बूंनी बॉक्सिंग शिकवले नाही, ते काम प्रशिक्षकांनी केले. अब्बूंनी हा एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारला.

दोन्ही बाजूंनी बंद दार

कपड्यांचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण आपल्या घरांत पहिला तोच निघतो. पण हे दार फक्त आपणच बंद केलेले नाही. बाहेरूनही त्याला कडी होती.

जून २०११ मध्ये जॉर्डनच्या राजधानीत इराणच्या मुलींचा फुटबॉल संघ ऑलिंपिक पात्रतेच्या सामन्यासाठी मैदानात उतरला. त्यांनी डोके झाकले होते म्हणून त्यांना खेळू दिले नाही. सामना न खेळताच त्या हरल्या. मुली मैदानावरच रडत होत्या, ती छायाचित्रे जगभर छापून आली. आपल्याकडे म्हणायचे, "झाकून घ्याल तर खेळायचं कसं?" आणि तिकडे म्हणायचे, "खेळायचं तर झाकायचं नाही." मुलगी मधल्या मध्ये बाहेर.

हळूहळू नियम बदलले. फुटबॉलच्या नियमांत २०१४ मध्ये डोके झाकायला परवानगी मिळाली, बास्केटबॉलमध्ये २०१७ मध्ये. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची तलवारबाज इब्तिहाज मोहम्मद हिजाबमध्ये खेळली आणि संघाबरोबर कांस्यपदक घेऊन गेली. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली. त्या स्पर्धेत असे खेळणारी ती पहिलीच. तरी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला यजमान फ्रान्सने आपल्या खेळाडूंना हिजाबची मनाई केलीच. म्हणजे कडी पूर्ण निघालेली नाही.

आणि आता आपल्या कबड्डीची गोष्ट, जी मला त्या संध्याकाळी सांगायला सुचली नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात भारत विरुद्ध इराण असा सामना होता. महिला कबड्डी या स्पर्धेत आल्यापासून दोन्ही वेळा भारताने सुवर्ण घेतले होते. पूर्ण बाह्यांचे शर्ट, पायघोळ पँट आणि डोक्याला घट्ट बसणारा हिजाब घातलेल्या इराणच्या मुलींनी तो सामना २७-२४ असा जिंकला. त्यांना तयार करणाऱ्या प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! एक मराठी बाई इराणला गेली, तिथल्या रिवाजाप्रमाणे स्वतः डोके झाकून वावरली, कामापुरती फारसी शिकली, मुलींना योग आणि प्राणायाम करायला लावले आणि सुवर्णपदक देऊन आली. आपला संघ हरला याचे वाईट वाटते. पण अंगभर कपड्यांत कबड्डी खेळता येत नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये.

आणखी एक गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. प्रवासात प्रेषित (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी धावण्याची शर्यत लावली, आधी हजरत आयेशा पुढे गेल्या, काही काळाने झालेल्या शर्यतीत प्रेषित (स.) जिंकले आणि त्यांनी हसत मागची फिटंफाट झाल्याचे सांगितले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. उहुदच्या लढाईतल्या हजरत उम्मे अमारा (रजि.) यांचे शौर्य जलशांत ऐकून आपण मान डोलावतो. ऐकताना अभिमान वाटतो, मग संमतीपत्रावर सही करताना हात का अडतो?

सही अडते कुठे?

त्या घरातून परतल्यावर मी बाकीच्या पालकांशी बोलले. तेव्हा माझी चूक कळली. आम्ही शिक्षक मोठमोठी नावे सांगतो आणि पालक नाही म्हणाले की त्यांना मागासलेले ठरवून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्यांचे प्रश्न साधे असतात. बरोबर बाई शिक्षिका आहे का? मुक्काम आहे का, असला तर कुठे? परत किती वाजता? कपडे कोणते? खर्च किती? यातल्या एकालाही "मुलींना पुढे जाऊ द्या" हे उत्तर होत नाही. यांची उत्तरे शाळेने कागदावर लिहून द्यायची असतात. आम्ही नुसते कोरे पत्र पाठवले होते.

घरानेही काही गोष्टी कराव्यात. पहिली ताटातली. आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीतच दिसले आहे. सालनातली चांगली बोटी भावाच्या ताटात आणि रस्सा बहिणीच्या, हे अजून चालते. हमीदा बानूंचा खुराक नको, पण रोज एक अंडे, मूठभर भाजलेले शेंगदाणे-गूळ, हिरवी भाजी, आणि घरात मटण-कलेजी आली तर तिचा वाटा, एवढे तर कोणाच्याही घरात बसते. मुलगी चक्कर येते म्हणून खेळत नाही की खेळू देत नाही म्हणून अशक्त राहते, हे कधीतरी डॉक्टरांना दाखवून तपासा.

दुसरी गोष्ट वेळेची. मुलगा क्रिकेट खेळून आला की पाणी मिळते. मुलगी सरावाहून आली की भांडी मिळतात. भांडी दोघांनी घासावीत, एवढेच म्हणते.

तिसरी, हरल्यावरची. त्या दिवशी तिला काही सुनावू नका.

आणि वडिलांसाठी व्यवहाराचे बोलायचे तर, राज्य स्तरावर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. सगळ्याच मुली तिथवर पोहोचणार नाहीत. पण तालुक्याला खेळलेली मुलगी उद्या एसटीने एकटी कॉलेजला जाताना मान वर करून जाईल, हेही कमी नाही.

आमच्या मुलीचे काय झाले?

दुसऱ्या खेपेला मी भाषण न करता कागद घेऊन गेले. त्यावर लिहिले होते: दोन शिक्षिका बरोबर, मुक्काम नाही, सकाळी सहाची एसटी, रात्री आठपर्यंत परत, पूर्ण पँट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, खर्च शाळेचा. वडिलांनी दोनदा वाचले. तरी गप्प. रिक्षाचा प्रश्न होताच. घरचे कोणी बरोबर असावे, एवढेच त्यांना हवे होते.

दादी म्हणाल्या, "मी जाते. एसटीत अर्ध्या तिकिटात बसते. मला काय काम आहे घरी?"

आम्ही गेलो. पहिला सामना जिंकला, दुसरा पाच गुणांनी हरलो. शेवटच्या चढाईत आमची मुलगी पकडली गेली आणि गुडघा सोलवटून बाहेर आली. संघातल्या सगळ्या रडल्या. दादींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पदराने तिचा चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "त्या लाल शर्टवालीने पाय धरला तेव्हा तू उजवीकडे का वळलीस? डावीकडे मोकळं होतं." आयुष्यात पहिल्यांदा कबड्डीचा सामना पाहणाऱ्या बाईचे हे निरीक्षण अगदी बरोबर होते. रडता रडता मुलगी हसली.

रात्री स्टँडवर वडील रिक्षा घेऊन उभे होते. त्यांनी गुडघा पाहिला आणि काही बोलले नाहीत. आईला आणि मुलीला मागे बसवले. रिक्षा सुरू करता करता मला म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीची तारीख जरा आधी सांगा. एक दिवस गाडी बंद ठेवायची तर तयारी करावी लागते."